गुन्हापीडितांना शासकीय साहाय्य

गुन्हापीडितांना शासकीय साहाय्य : गुन्ह्यामुळे ज्या व्यक्तीस शारीरिक, मानसिक अथवा आर्थिक हानी पोहोचते तिला, किंवा ती मृत झाल्यास तिच्या वारसांना व अवलंबितांना, शासनाने न्यायप्रक्रियेच्या अनुषंगाने पुरविलेली भरपाई, वैद्यकीय उपचार, कायदेविषयक मदत, संरक्षण व पुनर्वसन यांचा या संज्ञेत समावेश होतो. भारतात या साहाय्याचा मुख्य आधार भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ ही असून तिच्या कलम ३९६ अन्वये प्रत्येक राज्यशासनावर केंद्रशासनाच्या सहकार्याने पीडित भरपाई योजना तयार करण्याचे बंधन घातलेले आहे. ही संहिता १ जुलै २०२४ पासून अमलात आली. त्यापूर्वी हीच तरतूद फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ मधील कलम ३५७–अ मध्ये होती.

फौजदारी विधीच्या आधुनिक कल्पनेनुसार गुन्हा हे केवळ एका व्यक्तीविरुद्धचे कृत्य नसून ते समाजाविरुद्धचे, पर्यायाने राज्याविरुद्धचे कृत्य समजले जाते. म्हणून खटला राज्याच्या नावाने चालतो, अभियोक्ता राज्याचा असतो आणि द्रव्यदंडही राज्याच्या तिजोरीत जमा होतो. या व्यवस्थेमुळे वैयक्तिक सूडाला आळा बसला. परंतु ज्याला प्रत्यक्ष इजा झाली तो मात्र खटल्यातील एक साक्षीदार एवढाच उरला. आरोपीच्या मूलभूत हक्कांची नोंद भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २० ते २२ मध्ये स्पष्टपणे आहे. पीडिताचा तसा स्वतंत्र उल्लेख संविधानात नाही. त्याचे हक्क न्यायालयांनी अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्कातून व अनुच्छेद ३९–अ मधील मोफत कायदेविषयक साहाय्याच्या तत्त्वातून हळूहळू विकसित केले.

पीडिताला मिळणाऱ्या मदतीचे तीन प्रकार संभवतात. गुन्हेगाराने न्यायालयाच्या आदेशाने दिलेली भरपाई हा पहिला, राज्याने आपल्या निधीतून दिलेली भरपाई हा दुसरा व उपचार, वकील, निवारा, समुपदेशन, संरक्षण इ. सेवा हा तिसरा प्रकार होय. पहिल्या प्रकारासाठी गुन्हेगार सापडणे, त्याच्यावरील आरोप सिद्ध होणे आणि त्याच्याजवळ पैसा असणे या तिन्ही गोष्टी आवश्यक असतात. प्रत्यक्षात त्या क्वचितच एकत्र येतात. दुसऱ्या व तिसऱ्या प्रकारांचे महत्त्व यातूनच निर्माण झाले. जखमी मनुष्याची गरज गुन्हेगार कोण हे ठरेपर्यंत थांबत नाही. म्हणून राज्याचे दायित्वही दोषसिद्धीवर अवलंबून असता कामा नये, हे तत्त्व या संपूर्ण विषयाचा गाभा आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : हे तत्त्व भारतीय परंपरेला नवीन नाही. चोरीला गेलेले द्रव्य राजाने शोधून मालकास परत करावे आणि ते न सापडल्यास आपल्या कोशातून भरून द्यावे, असा विचार कौटिलीय अर्थशास्त्रात व याज्ञवल्क्यादी स्मृतिकारांच्या व्यवहारविषयक विवेचनात आढळतो. प्रजेकडून कर घेणाऱ्याने तिच्या रक्षणाची हमी घेतलेली असते आणि रक्षण करता आले नाही, तर नुकसान त्याने सोसावे, ही यामागील भूमिका होय. मराठी अमलात ही जबाबदारी मुख्यत्वे गावावर होती. गावच्या हद्दीत चोरी झाल्यास जागल्याने चोरांचा माग काढावयाचा व तो पुढील गावाच्या शिवेत नेऊन पोहोचवावयाचा; तसे न झाल्यास नुकसान राखणदारांनी वा गावाने भरून द्यावयाचे, असा प्रघात होता. ब्रिटिश अमलात पोलीस व न्यायदान यांची केंद्रित व्यवस्था उभी राहिली आणि हे सामूहिक दायित्व लोप पावले. रक्षणाचे काम राज्याने आपल्याकडे घेतले. भरपाईचे मात्र घेतले नाही. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४५ अन्वये वसूल झालेल्या द्रव्यदंडातून पीडिताला काही रक्कम देण्याची मुभा न्यायालयाला होती, एवढेच.

पाश्चात्त्य देशांत दुसऱ्या महायुद्धानंतर या प्रश्नाकडे लक्ष वेधले गेले. जर्मन गुन्हेशास्त्रज्ञ हान्स फोन हेंटिग व रूमानियन वकील बेंजामिन मेंडेलसन यांनी पीडिताचा शास्त्रीय अभ्यास सुरू केला आणि त्यातून पीडितशास्त्र ही गुन्हेशास्त्राची शाखा उदयास आली [⟶ गुन्हेशास्त्र]. इंग्लंडमध्ये मार्जरी फ्राय या समाजसुधारक विदुषीने १९५० नंतरच्या दशकात राज्याने पीडितांना भरपाई द्यावी, असा आग्रह धरला. न्यूझीलंडने १९६३ मध्ये यासंबंधीचा पहिला कायदा संमत केला; ग्रेट ब्रिटनने १९६४ मध्ये व अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने १९६५ मध्ये अशा योजना सुरू केल्या. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २९ नोव्हेंबर १९८५ रोजी गुन्हा व सत्तेचा दुरुपयोग यांच्या बळींना न्याय देण्याविषयीची मूलतत्त्वे घोषित केली. पीडिताला सन्मानाची वागणूक, न्यायप्रक्रियेची माहिती, गुन्हेगाराकडून परतफेड, ती अपुरी पडल्यास राज्याकडून भरपाई आणि आवश्यक त्या सेवा मिळाव्यात, हे त्या घोषणेचे सार आहे. भारतातील पुढील सुधारणांना याच घोषणेची चौकट लाभली.

भारतातील विकास : विधी आयोगाने १९६९ मध्ये सादर केलेल्या एकेचाळिसाव्या अहवालात भरपाईच्या प्रश्नाचा विचार केला होता. त्यानंतर आलेल्या १९७३ च्या संहितेतील कलम ३५७ (३) नुसार द्रव्यदंडाची शिक्षा नसतानाही आरोपीने पीडिताला भरपाई द्यावी, असा आदेश देण्याचा अधिकार न्यायालयांना मिळाला. या अधिकाराचा वापर अल्प प्रमाणात होत राहिला. ‘हरि सिंग विरुद्ध सुखबीर सिंग’ (१९८८) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याबद्दल खेद व्यक्त करून तो सढळपणे वापरण्याची शिफारस सर्व न्यायालयांना केली. पंचवीस वर्षांनंतरही परिस्थिती फारशी बदलली नव्हती. महाराष्ट्रातून आलेल्या ‘अंकुश शिवाजी गायकवाड विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ (२०१३) या प्रकरणात त्याच न्यायालयाला पुढे जाऊन असे सांगावे लागले, की प्रत्येक फौजदारी खटल्यात भरपाईच्या प्रश्नाचा विचार करणे व त्याची कारणे नोंदविणे हे न्यायालयाचे बंधनकारक कर्तव्य आहे.

राज्याच्या स्वतःच्या दायित्वाचा मार्ग प्रथम बेकायदेशीर स्थानबद्धता व कोठडीतील मृत्यू यांसंबंधीच्या खटल्यांतून खुला झाला. ‘रुदुल साह विरुद्ध बिहार राज्य’ (१९८३) मध्ये निर्दोष ठरूनही अनेक वर्षे तुरुंगात राहिलेल्या व्यक्तीला आणि ‘नीलावती बेहेरा विरुद्ध ओरिसा राज्य’ (१९९३) मध्ये कोठडीत मरण पावलेल्या तरुणाच्या मातेला सर्वोच्च न्यायालयाने शासनाकडून भरपाई देवविली. येथे अपकृत्य मुळात शासनाच्या सेवकांचे होते. खाजगी व्यक्तीने केलेल्या गुन्ह्याबद्दलही राज्याने पीडिताचा भार उचलावा, हा विचार स्थिरावण्यास आणखी काही वर्षे लागली.

या विकासात विदर्भातील एका घटनेचा वाटा मोठा आहे. १९७२ मध्ये त्यावेळच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज येथील पोलीस ठाण्यात एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर दोन पोलिसांकडून अत्याचार झाल्याची तक्रार झाली. १९७४ मध्ये सत्र न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडले. १९७६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना दोषी ठरविले. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. मुलीच्या अंगावर प्रतिकाराच्या खुणा नाहीत, यावरून तिची संमती गृहीत धरली गेली. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या चार विधिज्ञांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहून या निकालाचा निषेध केला व देशभर चळवळ उभी राहिली. परिणामी १९८३ मध्ये फौजदारी कायद्यात सुधारणा झाली. कोठडीतील बलात्कारासाठी संमतीविषयीच्या पुराव्याचे नियम बदलले, अशा खटल्याची सुनावणी बंद न्यायालयात होऊ लागली आणि पीडितेची ओळख प्रसिद्ध करणे हा गुन्हा ठरला. मात्र जिच्या प्रकरणातून हे सर्व घडले तिच्या उपजीविकेची वा पुनर्वसनाची कोणतीही तरतूद या सुधारणेत नव्हती. कायदा सुधारला जाणे व पीडिताला मदत मिळणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, याचे हे प्रकरण ठळक उदाहरण होय.

दिल्लीतील घरकामगार स्त्रियांच्या संघटनेने दाखल केलेल्या याचिकेवर निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये पोलीस ठाण्यापासूनच पीडितेला वकिलाची मदत मिळावी व भरपाईसाठी स्वतंत्र मंडळ असावे, असे सुचविले. विधी आयोगाने १९९६ च्या एकशे चोपन्नाव्या अहवालात आणि न्या. मळिमठ समितीने २००३ मध्ये राज्याच्या निधीतून भरपाई देण्याची शिफारस केली. अखेर संहितेत दुरुस्ती होऊन ३१ डिसेंबर २००९ पासून कलम ३५७–अ अमलात आले. त्याच दुरुस्तीने ‘पीडित’ या संज्ञेची व्याख्या प्रथमच संहितेत आली, पीडिताला अभियोक्त्याच्या साहाय्यासाठी स्वतःचा वकील देण्याची मुभा मिळाली आणि आरोपीची सुटका, कमी गंभीर गुन्ह्याखालील शिक्षा वा अपुरी भरपाई यांविरुद्ध अपील करण्याचा हक्क मिळाला. २०१३ च्या सुधारणेने अम्लहल्ला व बलात्कार यांतील पीडितांवर मोफत उपचार करणे सरकारी व खाजगी अशा सर्व रुग्णालयांना बंधनकारक झाले.

विद्यमान तरतुदी : २०२३ च्या संहितेचे कलम ३९६ हे भरपाईचे तीन मार्ग दाखविते. आरोपी दोषी ठरला, परंतु त्याच्याकडून मिळणारी भरपाई पुनर्वसनास पुरेशी नाही, असे न्यायालयास वाटल्यास ते राज्याच्या निधीतून भरपाई देण्याची शिफारस करू शकते. खटल्याचा शेवट निर्दोष मुक्ततेत झाला, तरीही पीडिताचे पुनर्वसन आवश्यक असल्यास अशी शिफारस करता येते. गुन्हेगाराचा शोधच लागला नाही आणि त्यामुळे खटला उभा राहिला नाही, तर पीडित किंवा त्याचे अवलंबित राज्य अथवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे स्वतः अर्ज करू शकतात. प्राधिकरणाने चौकशी दोन महिन्यांत पूर्ण करून रक्कम ठरवावयाची असते. शिवाय पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी वा दंडाधिकारी यांच्या प्रमाणपत्रावरून मोफत प्रथमोपचार, वैद्यकीय लाभ किंवा अन्य अंतरिम मदत तत्काळ देण्याचा आदेशही प्राधिकरणाला देता येतो. अंतरिम भरपाईचा विचार न्यायालयाने गुन्ह्याची दखल घेतल्यापासूनच करावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये हरयाणातील एका खटल्यात स्पष्ट केले आहे.

भरपाईशिवाय अन्य हक्कही संहितेने दिले आहेत. गुन्हा कोणत्याही ठाण्याच्या हद्दीत घडलेला असला, तरी दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्यात नोंदविता येते. तिची प्रत विनामूल्य मिळते. तपासाची प्रगती नव्वद दिवसांच्या आत पीडिताला वा खबर देणाऱ्याला कळवावी लागते. शासनाला खटला मागे घ्यावयाचा झाल्यास न्यायालयाने प्रथम पीडिताचे म्हणणे ऐकावे लागते. गुन्ह्यातून मिळविलेली मालमत्ता जप्त करून जिल्हादंडाधिकाऱ्यामार्फत ती पीडितांना वाटून देण्याची नवी तरतूद कलम १०७ मध्ये आहे. तपासापासून अपिलापर्यंतच्या प्रत्येक टप्प्यावर, जामिनाच्या सुनावणीतसुद्धा, आपले म्हणणे मांडण्याचा पीडिताचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने लखीमपूर खेरी प्रकरणात २०२२ मध्ये मान्य केला.

काही पीडितवर्गांसाठी स्वतंत्र कायदे आहेत. अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम, १९८९ खालील नियमांनुसार जिल्हा प्रशासनाकडून पीडितांना अर्थसाहाय्य मिळते. २०१६ च्या दुरुस्तीनुसार गुन्ह्याच्या स्वरूपाप्रमाणे ते ८५ हजार ते ८ लाख २५ हजार रु. इतके आहे. ते एकरकमी न देता खबर नोंदणी, दोषारोपपत्र, निकाल अशा टप्प्यांनी देण्यात येते व साक्षीसाठी होणारा प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरीही भरून दिली जाते. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ व त्याखालील २०२० चे नियम यांनुसार विशेष न्यायालय बालकाला खटला चालू असतानाच अंतरिम भरपाई देऊ शकते आणि खटल्याच्या काळात बालकासोबत राहण्यासाठी साहाय्यक व्यक्तीची नेमणूक होऊ शकते. वाहनाने धडक देऊन चालक पळून गेल्यास २०२२ च्या केंद्रीय योजनेप्रमाणे मृत्यूबद्दल २ लाख रु. व गंभीर दुखापतीबद्दल ५० हजार रु. मिळतात.

महाराष्ट्रातील योजना : कलम ३५७–अ नुसार महाराष्ट्र शासनाने २०१४ मध्ये पीडित भरपाई योजना जाहीर केली. तत्पूर्वी २ ऑक्टोबर २०१३ पासून महिला व बालविकास विभागाची ‘मनोधैर्य’ योजना सुरू झाली होती. बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार व अम्लहल्ला यांतील पीडितांना अर्थसाहाय्य, समुपदेशन, निवारा, वैद्यकीय व कायदेविषयक मदत देणे हे तिचे स्वरूप होय. आरंभी साहाय्याची मर्यादा ३ लाख रु. होती, शेजारच्या गोव्यात २०१२ च्या योजनेप्रमाणे ती १० लाख रु. होती. या तफावतीवर टीका झाल्यावर २०१७ च्या अखेरीस महाराष्ट्रानेही मर्यादा १० लाख रु.पर्यंत वाढविली व रक्कम ठरविण्याचे काम विधी सेवा प्राधिकरणांकडे सोपविले. स्त्रीपीडितांसाठी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने तयार केलेली देशव्यापी योजना सर्वोच्च न्यायालयाच्या मान्यतेने २ ऑक्टोबर २०१८ पासून लागू झाली. तीत बलात्काराबद्दल ४ ते ७ लाख रु. व जीवितहानीबद्दल ५ ते १० लाख रु. अशा किमान व कमाल मर्यादा आहेत. साक्षीदारांच्या रक्षणासाठी महाराष्ट्राने २०१७ मध्ये स्वतंत्र अधिनियम केला असून पीडित हा बहुधा खटल्यातील मुख्य साक्षीदार असल्यामुळे त्यालाही या संरक्षणाचा लाभ होतो.

प्रत्यक्ष कार्यपद्धती (बुटीबोरीचे उदाहरण) : या तरतुदी एखाद्या ठिकाणी कशा लागू होतात, हे नागपूर जिल्ह्यातील बुटीबोरीच्या उदाहरणावरून स्पष्ट होईल. नागपूरच्या दक्षिणेस सुमारे २५–३० किमी. अंतरावर, वर्धा व हैदराबाद या दोन्ही दिशांना जाणाऱ्या महामार्गांवर वसलेल्या या गावाजवळ महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची विस्तृत औद्योगिक वसाहत आहे. कारखान्यांतील कामगारांत परजिल्ह्यांतून व परराज्यांतून आलेल्यांचा भरणा असतो. ते भाड्याच्या खोल्यांत राहतात, पाळ्यांप्रमाणे अवेळी ये-जा करतात आणि आप्तस्वकीय जवळ नसल्यामुळे संकटसमयी एकटे पडतात. अशा वस्तीत गुन्ह्याचा परिणाम अधिक जाणवतो; कारण हात जायबंदी झालेल्या रोजंदारीच्या कामगाराची मजुरी त्याच दिवसापासून थांबते.

रात्रपाळी संपवून परतणाऱ्या कामगारास अज्ञात व्यक्तींनी मारहाण करून लुटले, अशी कल्पना केल्यास पुढील क्रम संभवतो. ११२ या क्रमांकावर वा जवळच्या पोलीस ठाण्यात खबर दिली जाते. जखमीला बुटीबोरीतील रुग्णालयात व जखम गंभीर असल्यास नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या किंवा वर्धा मार्गावरील मिहान परिसरातील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या रुग्णालयात हलविले जाते. येथे एक मर्यादा ध्यानात घेणे आवश्यक आहे. सर्व रुग्णालयांवरील मोफत उपचारांचे बंधन (कलम ३९७) हे केवळ लैंगिक अत्याचार व अम्लहल्ला यांतील पीडितांपुरते आहे. लुटीत जखमी झालेल्या कामगाराला खाजगी रुग्णालयातील खर्चाबद्दल या कलमाचा आधार मिळत नाही. त्याच्यासाठी ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याचे कलम ३९६ खालील प्रमाणपत्र महत्त्वाचे ठरते.

त्याचे हिरावून घेतलेले वाहन वा भ्रमणध्वनी सापडल्यास तो मुद्देमाल म्हणून ठाण्यात जमा होतो. खटला संपेपर्यंत तो तेथे पडून राहणे आवश्यक नाही. पंचनामा व छायाचित्रे करून अशा वस्तू त्वरित परत द्याव्यात, असे सर्वोच्च न्यायालयाचे २००२ चे निर्देश आहेत. न्यायालयात अर्ज करून सुपुर्दनाम्यावर वस्तू ताब्यात घेता येते.

आरोपी सापडलेच नाहीत, तर पोलीस ‘अ’ समरीचा, म्हणजे गुन्हा खरा आहे परंतु त्याचा छडा लागला नाही असा, अहवाल न्यायालयाला सादर करतात. सामान्य माणसाच्या समजुतीप्रमाणे येथे प्रकरण संपते. कायद्याच्या दृष्टीने मात्र शासकीय भरपाईचा हक्क येथेच सुरू होतो. कारण अपराधी अज्ञात असताना पीडिताने स्वतः अर्ज करावा, असे कलम ३९६ (४) सांगते. अर्ज नागपूर येथील जिल्हा न्यायालयातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करावयाचा असतो. खबरीची प्रत, वैद्यकीय कागदपत्रे, उत्पन्नाची माहिती व बँकखात्याचा तपशील ही त्यासाठी लागणारी सर्वसाधारण साधने होत. पीडित हा परराज्यातील असला, तरी गुन्हा जेथे घडला तेथील प्राधिकरणाकडे त्याला दाद मागता येते.

अर्जासाठी वकील हवा असल्यास विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ चे कलम १२ उपयोगी पडते. या कलमात गुन्हापीडित असा सरसकट वर्ग नाही. परंतु स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींचे सदस्य, अपंग व्यक्ती, मानवी व्यापाराचे वा वेठबिगारीचे बळी यांच्याबरोबरच औद्योगिक कामगारांनाही मोफत विधी साहाय्याचा हक्क आहे. त्यामुळे बुटीबोरीतील कारखान्यात काम करणाऱ्यास गुन्हापीडित म्हणून नव्हे, तर कामगार म्हणून शासकीय वकील मिळू शकतो. १५१०० हा विधी साहाय्याचा राष्ट्रीय मदतक्रमांक आहे. अत्याचारग्रस्त स्त्रियांसाठी १८१ हा मदतक्रमांक असून निवारा, उपचार, पोलीस व वकील यांची मदत एकाच छत्राखाली देणारी ‘सखी’ केंद्रे केंद्रशासनाच्या २०१५ च्या योजनेतून उभी राहिली आहेत. नागपूर शहर पोलिसांनी २०१७ मध्ये सुरू केलेला ‘भरोसा सेल’ हा याच धर्तीचा उपक्रम होय. बालकांसाठी १०९८ हा क्रमांक आहे.

बुटीबोरीलगत वारंगा येथे नागपूरच्या महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठाचा परिसर आहे. विद्यापीठे व विधी महाविद्यालये यांतील साहाय्य केंद्रांना उत्तेजन द्यावे, असे १९८७ च्या अधिनियमातच म्हटले आहे. त्या दृष्टीने कायद्याचे अध्यापन व कायद्याची गरज असलेली मोठी श्रमिक वस्ती यांचे हे सान्निध्य अर्थपूर्ण आहे.

मूल्यमापन : कागदोपत्री पाहता पीडिताची स्थिती १९७३ च्या तुलनेत आमूलाग्र बदलली आहे. तरीही अनेक उणिवा जाणवतात. बहुतेक साहाय्याचे मूळ प्रथम खबरीत असते. ती नोंदविली गेली नाही किंवा तीत गुन्ह्याचे कलम सौम्य लावले गेले, तर पुढील सर्व मार्ग अडतात. दखलपात्र गुन्ह्याची खबर नोंदविणे बंधनकारक आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाला २०१३ मध्ये द्यावा लागला, यावरून या अडथळ्याची कल्पना येते. दुसरी उणीव माहितीच्या अभावाची. साहाय्य बहुधा अर्ज वा शिफारस यांवर अवलंबून असते आणि ज्याला हक्काची माहितीच नाही तो अर्ज करीत नाही. सत्र न्यायालयांकडूनही शिफारस करावयाची राहून जाते. नोव्हेंबर २०२४ मध्ये महाराष्ट्रातील एका प्रकरणात ही गोष्ट सर्वोच्च न्यायालयाच्या निदर्शनास आली, तेव्हा शारीरिक इजेच्या, विशेषतः बालके व स्त्रिया यांच्यावरील लैंगिक अत्याचाराच्या खटल्यांत, आरोपी दोषी ठरो वा सुटो, निकाल देतानाच भरपाईचा आदेश द्यावा, असे निर्देश त्याने देशातील सत्र न्यायालयांना दिले.

निधीचा प्रश्नही आहे. भरपाईची रक्कम ठरविणारे प्राधिकरण न्यायसंस्थेशी निगडित असले, तरी पैसा शासनाच्या अर्थसंकल्पातून यावयाचा असतो. म्हणून आदेश व रक्कम प्रत्यक्ष हाती पडणे यांत अंतर राहते. याखेरीज योजनांचा भर शारीरिक इजेवर असल्यामुळे घरफोडी वा फसवणूक यांत आयुष्याची पुंजी गमावलेल्यांना त्यांचा लाभ होत नाही. लैंगिक अत्याचारांव्यतिरिक्त इतर हिंसक गुन्ह्यांतील पीडितांसाठी समुपदेशन व पुनर्वसन यांच्या सेवाही तुलनेने तोकड्या आहेत. उलट बाजूने, भरपाईच्या आशेने खोट्या तक्रारी होतील, अशी शंका काही जण घेतात. तक्रार खोटी असल्याचे सिद्ध झाल्यास रक्कम वसूल करण्याची तरतूद योजनांत आहे. मात्र आरोपीची सुटका होणे म्हणजे तक्रार खोटी असणे नव्हे. पुराव्याच्या उणिवेमुळे आरोपी सुटू शकतो. पीडिताची जखम त्यामुळे नाहीशी होत नाही. कायद्याने सुटकेनंतरही भरपाईचा मार्ग खुला ठेवला, तो याच जाणिवेने.

शासकीय साहाय्य हे अनुग्रह नसून हक्क आहे, हे संहितेने आता मान्य केले आहे. तथापि या हक्काची खरी कसोटी सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयांत नसून ठाण्यातील पहिली नोंद, रुग्णालयातील पहिला तास व विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयातील पहिला अर्ज यांत आहे. शिवेपर्यंत माग न पोहोचल्यास नुकसान भरून देणारी जुनी ग्रामव्यवस्था पुन्हा येणे नाही. परंतु चोर सापडला नाही म्हणून नागवलेल्याने रिक्त हस्ते परतू नये, हा तिच्यामागील न्यायविचार आजच्या विधीतही कायम आहे.